आतला खिसा

पुण्याच्या लष्कर भागात, शिंपी आळीत,
माळवदे टेलर्सच्या फळीवर
लाल पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे.
पहिल्या पानावर वडिलांचं अक्षर :
मापात पाप नको.

दर वर्षी ते येतात,
परक्या फौजांचे पाहुणे, इथे शिकायला.
कुणाकुणाच्या देशाचं नाव मला उच्चारता येत नाही,
गळा मात्र सगळ्यांचा साडेचौदा ते सोळा.
टेप मानेभोवती फिरवताना
एक बोट आत ठेवायचं असतं,
श्वासाला जागा म्हणून.
हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही.

तो त्यातलाच एक. छाती अडतीस.
बशीत ओतून चहा प्यायला आमच्या दुकानात शिकला.
‘बास’ आणि ‘घाई नाही’ एवढंच मराठी.
म्हणाला, शर्टाला आतून एक खिसा हवा,
डावीकडे, बाहेरून दिसता कामा नये.
काय ठेवणार, पैसे?
त्याने पाकिटातून एक कार्ड काढलं,
खेळातल्या पत्त्याएवढं, दोन्हीकडून छापलेलं.
शनिवारच्या तासाला सरांनी वाटलं म्हणे.
हात वर केलेल्याला मारू नये.
जखमी कुणाचाही असो, उचलावा.
पकडलेल्याचं नाव लिहून ठेवावं.
असं बरंच काही. बोट ठेवून ठेवून
मोडक्या हिंदीत त्याने वाचून दाखवलं,
मास्तरांसमोर उभ्या केलेल्या पोरासारखं.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू,
त्या खिशाची शिलाई मी घेतली नाही.
चार बोटं रुंद, कडेने दुहेरी टाका,
आणि हमीदाबीने वर बारीक काजं केलं,
कार्ड पडू नये म्हणून.

मग सही. ज्याची त्याने आपल्या लिपीत करायची.
मला ती वेलबुट्टीसारखी दिसते.

त्याला चार वर्षं झाली.

परवा एक मुलगी आली, वाडियात शिकणारी.
पिशवीत पुरुषाचा शर्ट, निळ्या चौकड्यांचा.
भावाचा आहे, म्हणाली,
माझ्या मापाचा करून द्या.
शर्ट पसरला. वरून दुसरं बटण नव्हतं.
कापड झिजलं, की कातर लागली,
की कुणी मुठीत धरून ओढलं,
हे शिंप्याला सांगावं लागत नाही.
धागे लांब निघाले होते, सगळे एका दिशेने.
बटण लावून देतो, म्हणालो, त्याचे पैसे नकोत.
ती म्हणाली, नको.
तेवढं तसंच राहू दे.

माप लिहायला कोरं पान शोधत होतो,
तर तिने मध्येच हात ठेवला.
रजिस्टर माझ्याकडे तोंड करून होतं,
तरी तिने वाचलं. उलटं. नुसत्या ओठांनी.
हा आकडा काय?
छाती.
हा?
गळा.
आणि ही तुमच्या अक्षरातली ओळ?
आतला खिसा, मी म्हणालो,
आणि सांगत सुटलो : कार्ड, सर, शनिवार, काजं.
पकडलेल्याचं नाव लिहून ठेवावं,
हेही सांगितलं.
तिथे तिने मला थांबवलं.
माझ्या भावाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, म्हणाली.
ठाण्यात नाही, दवाखान्यात नाही.
याचं तुमच्याकडे आहे.

हमीदाबी म्हणते, तोच कशावरून?
एका नावाची शंभर माणसं असतात.
असतात ना. तीन रात्री मी तेच म्हणतोय.
खांदे उतरवले, बाह्या चार इंच आत घेतल्या,
बटणाच्या जागेला सुई लावली नाही.
वडिलांच्या त्या ओळीचा अर्थ
मी आजवर फक्त कापडापुरता धरला होता.

यंदाची तुकडी आज आली.
पहिलाच पोरगा, मिसरूड नुकती फुटलेली.
टेप मानेभोवती घेतली, बोट आत.
त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसला,
म्हणाला, झालं का?
झालं होतं.
बोट काढायचं राहून गेलं.